किरायतें आणि काडेचिराईत

प्रश्न असा: "गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली माझी आजी ज्याला किरायतें म्हणायची, ते पुण्यात काष्ठौषधीच्या दुकानात मागितलं तर वाळक्या काड्यांचा पुडा मिळाला. कोण चुकलं?"

कोणीच नाही. नाव एक, झाडं दोन.

मूळ शब्द 'किराततिक्त', म्हणजे किरातांचं कडू. किरात हे डोंगरातले शिकारी; अर्जुनासमोर शंकर आला तो त्यांच्याच वेषात. ही वनस्पती हिमालयातली. आपल्यापर्यंत ती वाळक्या काड्या होऊनच येते, म्हणून 'काडेचिराईत'. हिंदीतला 'चिरायता' तोच.

आजीचं किरायतें वेगळं. ते अडुळशाच्या कुळातलं, कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागेच्या) बांधावर पावसात आपसूक उगवणारं. चौकोनी खोड, मिरचीच्या पानासारखी निमुळती पानं, इवल्या पांढऱ्या फुलांवर जांभळे डाग. कडूपणा तोच आणि तापावरचा उपयोगही तोच, तेव्हा माझ्या मते नावही त्याच वाटेने आलं. मराठीत याला 'ओलं किराईत' म्हणतात. 'ओलं' हा एक शब्द किती काम करतो पाहा: ते दुकानातून वाळलेलं, हे परसातून ताजं!

'भूनिंब' या नावाचंही तसंच. संस्कृतात ते किराततिक्ताचं दुसरं नाव, पण आज बहुतेक लोक आपल्या झुडपालाच भुईनिंब म्हणतात. कानडीत 'नेलबेवु', तमिळमध्ये 'निलवेम्बु'; अर्थ तोच, जमिनीवरचा कडुनिंब. बंगालीत मात्र 'कालमेघ'.

आमच्या घरी पावसाळ्यात याची जुडी चुलीवरच्या दोरीला टांगलेली असे. पोरांना जंत झाले, ताप आला की आजी चार काड्या पानांसकट मोडून 'कसाय' करायची. वाटी रिकामी होईपर्यंत ती समोरून हलत नसे, आणि मगच गुळाचा खडा हातावर पडे. हा 'कसाय' म्हणजे संस्कृत 'कषाय'. देशावरचा 'काढा' आला 'क्वाथ'वरून. कषायाचा दुसरा अर्थ तुरट. किरायत्याच्या कसायात तुरटपणा कसला, जिभेच्या मुळापर्यंत नुसतं कडू.

पुण्यात आजीचंच हवं असेल तर दुकानात 'कालमेघ' किंवा 'ओलं किराईत' म्हणून मागा, पानं दाखवायला सांगा. गरोदर बाईला मात्र ते देऊ नका. आमची आजी तिच्यासाठी कसायाचं भांडंसुद्धा चुलीवर चढवत नसे.