परभणीहून गुलमर्गला निघालास, तर आधी डोक्याचं बघ

स्कीइंगच्या कोर्सला नाव घातलंस, छान केलंस. आपल्याकडं बर्फ म्हणजे रसवंतीवरचा, त्यामुळं पडलो तरी मऊच लागेल असं वाटतं. तसं नसतं रे. रात्रभर गोठलेला उतार सकाळी फरशीसारखा कडक असतो.

हेल्मेट स्कीइंगचंच घे, मोटारसायकलचं नेऊ नको. पट्टा लावून मान हलव. हेल्मेट सरकलं तर ते तुझ्या मापाचं नाही. भाड्याचं असेल तर आतून बोटं फिरवून तडा बघ. अर्थात हेल्मेट घातलं की झालं, असंही नाही. २०१३ साली फ्रान्समध्ये मेरिबेलला फॉर्म्युला वन रेसर मायकेल शूमाकर स्कीइंग करत होता, डोक्यावर हेल्मेट होतंच. आखलेल्या वाटेबाहेर गेला आणि खडकावर आदळला.

खरी भीती नंतरची. २००९ मध्ये नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री कॅनडात नवशिक्यांच्या उतारावर पडली, तेही बिनाहेल्मेट. उठली, ठीक वाटतंय म्हणाली, मदत नाकारली. दोन दिवसांत गेली. कवटीच्या आत रक्त साचत होतं.

मी औलीला पडलो तेव्हा शुद्ध गेली नव्हती. फक्त 'माझा डावा हातमोजा कुठंय?' असं चारदा विचारलं म्हणे, आणि मोजा हातातच! त्यावरूनच डोक्याला मार बसल्याचं ओळखून जोडीदारानं त्या दिवशी पुन्हा स्की बांधू दिल्या नाहीत. लई राग आला होता त्याचा.

पडल्यावर डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, झापड आली, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली, तर उंचावरच्या विरळ हवेचा त्रास असेल म्हणून खोलीत झोपू नको. सोबत कुणाला तरी घे आणि सरळ श्रीनगरला सीटी स्कॅनला जा. घरी काय सांगायचं ते नंतर बघू.