भूगोलाच्या पहिल्या वर्षातले गणित

गणित नको म्हणून भूगोल घेतला असेल, तरी पहिल्याच वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला सांख्यिकी समोर येईल. तिला टाळू नका, कारण मराठवाड्यातला दुष्काळ तिच्याशिवाय नीट समजत नाही.

सरासरीवर थांबू नका. समजा, एका गावात चार वर्षांत अनुक्रमे ४००, १०००, ४०० आणि १००० मिलिमीटर पाऊस झाला आणि दुसऱ्या गावात ६८०, ७२०, ६८० आणि ७२०. दोन्हींची सरासरी ७०० च येते, परंतु प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती दूर पसरले आहेत याचे माप) पहिल्या गावात ३०० आणि दुसऱ्यात अवघे २० आहे, म्हणजेच सरासरीच्या सुमारे ४३ टक्के आणि ३ टक्के. कोरडवाहू सोयाबीन पेरणाऱ्याचे वर्ष या चढउतारावर ठरते, आणि माझ्या मते पहिल्या वर्षात याहून मोलाचे शिकण्यासारखे काही नाही.

एकके मात्र तोंडपाठच हवीत. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. एक टीएमसी (एक अब्ज घनफूट) म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर. जायकवाडीच्या साठ्याचे आकडे दोन्ही एककांत दिले जातात, त्यामुळे रूपांतर स्वतः करून पाहण्याची सवय लावून घ्या.

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. उंचीत २० मीटरचा फरक असलेल्या दोन लगतच्या समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) नकाशावर एक सेंटीमीटर अंतरावर असतील, तर उतार ४ टक्के येतो. बालाघाट डोंगररांगेचा नकाशा मिळवून असे उतार आधी पट्टी आणि पेन्सिलने काढा. संगणकाकडे त्यानंतर वळा.