आजोबांचं लंबकाचं घड्याळ रंगकामाला उतरवलं होतं, तेव्हापासून ते दहा मिनिटांत थांबतं आणि टोलेही चुकतात, पाच वाजता आठ पडतात. दुकानदार म्हणतो चावी जास्त झाली. काय करावं?

चावी जास्त झाल्यामुळे घड्याळ बिघडत नाही. चावी पूर्ण झाली की स्प्रिंग पुरती आवळली जाते, एवढंच. ठणठणीत घड्याळ पूर्ण चावीवर चालायलाच हवं.

रंगकामाला उतरवलं आणि तेव्हापासून दहा मिनिटांत थांबतं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे बहुतेक ते भिंतीवर किंचित तिरकं लागलं आहे. लंबक हलवा आणि नुसतं ऐका. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं हवं. आवाज लंगडत असेल, तर लंबकाला दोन्ही बाजूंनी सारखा धक्का मिळत नाही आणि त्याचा झोका हळूहळू मरतो. पेटीचं खालचं टोक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे सरकवून पाहा. लय सारखी झाली की तिथेच भिंतीवर पेन्सिलीची खूण करा. पेटी डोळ्यांना जरा वाकडी दिसली तरी चालेल, घड्याळाच्या दृष्टीने सरळ म्हणजे आवाज सरळ.

तरीही थांबलं, तर काटे कुठे अडकले ते पाहा. दर वेळी एकमेकांवर आल्यावर थांबत असतील, तर ते घासताहेत. तास भरायच्या काही मिनिटं आधी थांबत असेल, तर टोल्यांची यंत्रणा उचलायला ताकद कमी पडतेय, म्हणजे बहुतेक आत मळ आहे. लंबकाची तबकडी मागच्या फळीला टेकत नाही ना, हेही बघा.

आता टोले. पाच वाजता आठ पडतात ना? मग तासकाटा हलकेच आठवर न्या, बहुतेक घड्याळांत तो नुसता दाबून बसवलेला असतो. नंतर मिनिटकाटा पुढे फिरवत खरी वेळ लावा, पण प्रत्येक तासाला आणि अर्ध्या तासाला थांबून टोले पूर्ण पडू द्या. काटे उलटे फिरवू नका. चावीची दोन भोकं असतील तर दोन्हींना चावी द्या. टोल्यांची स्प्रिंग आधी संपली, तर जुन्या पद्धतीच्या घड्याळात हिशेब पुन्हा चुकतो.

कळकळीची विनंती, खोबरेल तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे आत मारू नका. स्प्रेनंतर ते चार दिवस चालतं, म्हणून लोक फसतात. मग तेच धुळीत मिसळून काळा चिकट लगदा होतो आणि चाकांच्या अक्षांची पितळी भोकं झिजवतो. झिजलेल्या भोकांत बुश, म्हणजे छोट्या पितळी नळ्या, बसवावे लागतात, आणि ते काम जाणणारे घड्याळजी आता कमी राहिलेत. तेल घड्याळाचंच हवं, फक्त अक्षांच्या टोकांना, थेंबापेक्षाही कमी. दात्यांना अजिबात नाही. आणि मशिनचे स्क्रू स्वतः खोलू नका. चावी भरलेली स्प्रिंग सुटली तर बोटं जखमी होतात, चाकांचे दातेही तुटतात.

नीट चालू लागल्यावर वेळ जुळवा. मागे पडत असेल तर लंबकाखालचा नट फिरवून तबकडी वर घ्या, पुढे जात असेल तर खाली. पंचवीसेक सेंटिमीटरच्या लंबकात 1 मिलिमीटरने दिवसाला साधारण 3 मिनिटांचा फरक पडतो, म्हणून एका वेळी अर्धाच फेरा द्या आणि पूर्ण एक दिवस थांबा.