सौरपंपाच्या विजेवर जिवाणू खत बनवतील का?

प्रश्न : आमचा 5 एचपीचा सौरपंप आहे. विहिरीला पाणी कमी, त्यामुळे दुपारनंतर पॅनेल रिकामेच. विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून जिवाणूंना दिला की नत्र खत तयार होतं, असं वाचलं. शेतावर छोटा संच बसवता येईल का? – एक शेतकरी, मोहोळ

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. हार्वर्ड विद्यापीठात नोसेरा आणि सिल्व्हर यांच्या गटाने 2017 मध्ये ते करून दाखवलं. झॅन्थोबॅक्टर हा मातीतलाच जिवाणू. विजेने फोडलेल्या पाण्यातला हायड्रोजन हे त्याचं इंधन. त्यावर तो हवेतला नत्र बांधतो. मुळ्याच्या पिकाला हा जिवाणू दिला तेव्हा मुळ्याचे कंद चांगले पोसले. मात्र हाती येतं ते जिवाणूंचं गढूळ पाणी, युरियाचा दाणा नव्हे.

आता हिशोब. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्क्यांनी 20.7 किलो नत्र. तेवढ्याला कागदावर सुमारे साडेचार किलो हायड्रोजन, आणि किलोभर हायड्रोजनला 50 ते 55 युनिट वीज. म्हणजे सव्वादोनशे ते अडीचशे युनिट. पॅनेल दिवसभर याच कामाला लावून रोज 20 युनिट धरले तरी 11-12 दिवस गेले. जिवाणू कागदाप्रमाणे वागत नाही, ही पुढची गोष्ट. नत्राचा एक रेणू फोडायला त्याचं विकर (एन्झाइम) पेशीतल्या ऊर्जेचे, म्हणजे एटीपीचे, 16 रेणू खातं, वर पाव हिस्सा इलेक्ट्रॉन पुन्हा हायड्रोजन करण्यात घालवतं. खर्च तिपटीच्या खाली येत नाही. एका गोणीसाठी महिना उलटणार. दुकानात तीच गोणी अनुदानामुळे पावणेतीनशेच्या आत मिळते.

शिवाय हे विकर ऑक्सिजनने निकामी होतं आणि हायड्रोजन वापरायला जिवाणूला थोडा ऑक्सिजन तर हवाच, म्हणून वायूंचं प्रमाण अष्टौप्रहर राखावं लागतं. बोअरचं खारं पाणी घातलं तर एका ध्रुवावर क्लोरीन सुटतो, दुसऱ्यावर पाणी तापवायच्या बंबात बसतो तसा पांढरा थर. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात टाकी थंड ठेवणं हा वेगळाच खर्च. आणि हायड्रोजन हवेत 4 ते 75 टक्के असेल तर स्विचच्या ठिणगीनेही भडकतो. शेडमध्ये हौस म्हणूनसुद्धा हे करू नका.

मोकळ्या विजेवर युनिव्हर्सल कंट्रोलर (पंपाच्या पॅनेलवर दुसरी यंत्रंही चालवू देणारं उपकरण) लावून कडबाकुट्टी चालवा. पंप सरकारी योजनेतला असेल तर पुरवठादाराला विचारूनच.

प्रश्न : रब्बी ज्वारीच्या बियाण्याला अॅझोटोबॅक्टर (हवेतला नत्र बांधणारं जिवाणू खत) लावतो, फरक दिसत नाही. काय चुकतं? – एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : बहुतेक वेळा क्रम चुकतो. आधी काणी रोगासाठी 300 मेशचं (बारीक भुकटीचं) गंधक, किलोला 4 ग्रॅम. जिवाणू सगळ्यात शेवटी : 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा, मग त्यात जिवाणू कालवून बियाण्याला चोळा. पाणी गरम असतानाच घाई केली की जिवाणू तिथेच मरतात. बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. दोन चाड्यांची पाभर असेल तर बी एका चाड्यात, खत दुसऱ्यात. युरियात कालवलेलं बी नको. पाकिटावरची अंतिम तारीख पाहा आणि ते गाडीच्या डिकीत तापू देऊ नका.

एवढं करूनही फरक नसेल तर शेणखत किती घालता ते बघा. झॅन्थोबॅक्टरला जसा हायड्रोजन, तसा अॅझोटोबॅक्टरला जमिनीतला सेंद्रिय कर्ब. तो नसेल तर जिवाणू उपाशी राहतो, आणि आधीच भरपूर युरिया पडला असेल तर तो हवेतला नत्र कशाला बांधेल?