तुमचे प्रश्न, आमची उत्तरे : ऐंशीच्या दशकातले घरदार

ऐंशीच्या दशकातील रोजच्या जगण्याविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही वाचकांना केले होते. ठाणे आणि नवी मुंबई येथून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : १९८२ सालच्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धा आम्ही चरईतल्या घरी रंगीत पाहिल्या, असे माझे यजमान ठामपणे सांगतात. मला मात्र आमचा टीव्ही कृष्णधवल असल्याचे पक्के आठवते. खरे कोणाचे मानावे?

उत्तर : दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण १९८२ सालीच सुरू झाले आणि नोव्हेंबर-डिसेंबरमधील त्या स्पर्धा रंगीत दाखवल्या गेल्या, येथपर्यंत यजमानांचे बरोबर आहे. परंतु रंगीत संचाची किंमत तेव्हा साध्या नोकरदाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी असे, त्यामुळे मध्यमवर्गीय घरांतून पुढील काही वर्षे लाकडी खोक्यातला, सरकत्या दारांचा कृष्णधवल संचच नांदत होता. यजमानांच्या आठवणीचा उगम दोन ठिकाणी असू शकतो. एक तर त्यांनी त्या स्पर्धा एखाद्या सधन शेजाऱ्याकडे, सतरंजीवर दाटीवाटीने बसून पाहिल्या असतील. दुसरे म्हणजे, कृष्णधवल पडद्यासमोर लावायची एक रंगीत प्लास्टिकची काच त्या काळी बाजारात मिळत असे. तिच्यामुळे आकाश निळे दिसे हे खरे, पण त्याबरोबर बातम्या देणाऱ्या बाईंचे कपाळही निळे होई. ती काच आपल्याकडे होती काय, हे यजमानांना विचारून पाहावे. वाद बहुधा तेथेच मिटेल.

प्रश्न : माझे बालपण नौपाड्यातील एका वाड्यात गेले. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत आम्ही मुले लगोरी, डबा ऐसपैस, विटीदांडू खेळत असू आणि भूक लागली की समोर दिसेल त्या घरी जेवत असू. आज माझ्या सहा वर्षांच्या नातवाला खाली खेळायला पाठवायचे, तर सुनेला आधी चार ठिकाणी फोन करावे लागतात. आमचे बालपण खरोखरच अधिक सुखाचे होते, की वय झाल्यामुळे मला तसे वाटते?

उत्तर : वयाचा वाटा निश्चितच आहे. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षापर्यंतचा काळ माणसाला उतारवयात सर्वांत ठळक आठवतो, असे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार आढळून आले आहे, आणि तो काळ कोणत्या दशकात पडला यावर ते अवलंबून नसते. आपले आजोबाही त्यांच्या लहानपणीच्या ठाण्याविषयी याच सुरात बोलत असतील.

तरीही सगळेच वयावर ढकलता येणार नाही. १९८२ साली ठाण्यात महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा हे शहर आजच्या मानाने आटोपशीर होते. १९९१च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे ८ लाख होती; २०११मध्ये ती १८ लाखांवर गेली. ज्या गल्लीत तासाला एखादी स्कूटर आणि दोन-चार सायकली जात, त्या गल्लीत लगोरी मांडता येते. दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या असलेल्या गल्लीत ती मांडता येत नाही, यात नातवाचा किंवा सुनेचा काही दोष नाही. दारे दिवसभर उघडी असण्यामागेही मनाच्या मोठेपणापेक्षा जागेची टंचाई अधिक होती, कारण दोन खोल्यांत सात-आठ माणसे राहत असताना गॅलरी, जिना आणि अंगण हेच घराचे उरलेले भाग होत असत.

उत्तराचा पुढील भाग आपल्याला कदाचित रुचणार नाही. आपण 'समोर दिसेल त्या घरी' जेवत होता, तेव्हा त्या घरी ते जेवण कोणी तरी रांधत होते आणि आपली आई त्या वेळी बहुधा कोठल्या तरी रांगेत उभी होती. आरेच्या दुधाच्या बाटल्यांसाठी कार्ड घेऊन पहाटे केंद्रावर जायचे, रेशनच्या दुकानात साखर आली अशी बातमी लागताच पिशवी घेऊन धावायचे, रॉकेलचा डबा रांगेत ठेवून त्याच्यावर नजर ठेवायची, नळाला पाणी असेल तेवढ्या वेळात पिंप, हंडे, कळशा भरून घ्यायच्या, आणि गॅससाठी नाव नोंदवून वर्षे लोटली तरी स्टोव्हला पंप मारत राहायचे, असा तो दिवस असे. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडयांची वाळवणे पडत. मुलांना त्यातल्या तेलात बुडवलेल्या लाट्या आठवतात. लाटणाऱ्या बायकांना दुखणारे खांदे आठवतात. मुलांची मोकळी संध्याकाळ घरातल्या आई, काकू, आजी यांच्या कधीच मोकळ्या नसलेल्या दिवसावर उभी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलींचे खेळणेही मुलांएवढे लांबत नसे. पुष्कळ जणी कडेवर धाकटे भावंड घेऊनच लंगडी पाहत उभ्या राहत.

शिवाय त्या दशकाने सर्वांना सारखे वागवले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. ज्या घरांतला कर्ता पुरुष गिरणीत होता, त्या घरांतल्या आपल्याच वयाच्या मुलांना ही वर्षे भाड्याच्या सायकलीमुळे किंवा तलावपाळीवरच्या भेळेमुळे आठवत असतील असे नाही.

आपले सुख खोटे होते, असे आम्हांला सुचवायचे नाही. पत्रात आपण खेळांची नावे भरभरून लिहिली आहेत, पण आईविषयी एकही ओळ नाही, म्हणून एवढे विस्ताराने लिहिले. त्या पिढीतली एखादी आत्या, मामी किंवा वाड्यातली शेजारीण आज हयात असेल, तर तिची दुपार कशी जात असे, हे तिला अवश्य विचारावे. नातवाला सांगण्याजोगे त्यातूनही पुष्कळ मिळेल.

प्रश्न : आम्ही १९८१ साली दादरची खोली सोडून वाशीला सिडकोच्या घरात आलो. 'रेल्वेही नव्हती, मग आलातच कशाला?' असे मुले विचारतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर : त्यांना आधी क्रम सांगावा. सिडकोची स्थापना १९७० साली झाली, वाशीचा खाडीपूल १९७३मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि मानखुर्दवरून लोकल वाशीला पोहोचली ती मे १९९२मध्ये. मधली जवळजवळ दोन दशके वाशीकरांची भिस्त बसवर होती; शेवटची बस चुकली की पाहुणा मुक्कामी राहिला, असे धरून चालत. हे सारे सोसायचे कारण मुलांना सहज समजण्यासारखे नाही, कारण चाळीतल्या सामाईक संडासासमोर सकाळी बालदी घेऊन उभे राहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलेला नाही. स्वतःच्या मालकीचे, दाराला आतून कडी असलेले न्हाणीघर मिळावे, यासाठी माणसे खाडी ओलांडून आली.

मुलांना मात्र हेही सांगावे, की ज्या मोकळ्या माळावर आपण त्यांना सायकल शिकवली, तो माळ त्याआधी कोणाचे तरी भातशेत किंवा मिठागर होता. वाशी, जुहूगाव, तुर्भे, सानपाडा येथील आगरी-कोळी कुटुंबांच्या आठवणी शेताच्या बांधावरच्या आणि खाडीतल्या मासळीच्या आहेत, आणि त्यांच्या दृष्टीने ऐंशीचे दशक हे जमिनी गेल्यानंतरचे दशक आहे. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून पुढे आली. आपल्या इमारतीच्या मागच्या गावठाणात त्या वर्षांची आठवण असणारी माणसे अजून आहेत.

प्रश्न : १९८४-८५च्या सुमारास काढलेले आमचे रंगीत फोटो लालसर पडले आहेत, पण आजोबांचे कृष्णधवल फोटो उत्तम आहेत. असे का, आणि उपाय काय?

उत्तर : कृष्णधवल छायाचित्रात प्रतिमा धातुरूप चांदीची असते, म्हणून ती अधिक टिकते. रंगीत छायाचित्रात सेंद्रिय रंगद्रव्यांचे तीन थर असतात आणि त्या काळच्या कागदावर त्यांतला निळसर-हिरवा थर अंधारात ठेवूनही सर्वांत आधी विटत असे. तो गेला की उरते ती लाली. विटलेला रंग मूळ कागदावर परत आणता येत नाही, मात्र स्कॅन केलेल्या प्रतीत तो बराचसा सुधारता येतो. निगेटिव्ह सापडल्या तर आधी त्या स्कॅन कराव्यात. चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम तेव्हा घरोघरी होते. त्यांतला गोंद फोटोंना मारक ठरतो, म्हणून फोटो हलक्या हाताने, घाई न करता सोडवून घ्यावेत आणि ओढून निघत नसतील तर पानासकटच स्कॅन करावेत. खाडीकाठच्या दमट हवेत बुरशी लवकर धरते. त्यासाठी बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे. फोटोच्या मागे नावे लिहायची असतील तर मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता लिहावीत, बॉलपेनने कदापि नाही.