वर्गातल्या पुस्तकांत आमची पोरं का नाहीत?

प्रश्न: नमस्कार ताई, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, मुलगी दुसरीत आहे, सेमी इंग्लिशला. वर्गात मॅडमनी वाचनाचा कोपरा केलाय, चांगलंच आहे, पण पुस्तकं जवळपास सगळी सोनेरी केसांच्या गोऱ्या पोरांची. माझी लेक सावळी आहे आणि स्वतःचं चित्र काढायला सांगितलं की चेहऱ्याला तो फिकट गुलाबी खडू घेते, केस पिवळे करते. वर्गात एक नेपाळी मुलगा आहे, त्याच्या आईवडलांची रंकाळ्यावर मोमोजची गाडी आहे, पोरं त्याला चायनीज म्हणूनच हाक मारतात. मॅडम म्हणतात लहान आहेत हो, मनात काही नसतं. मी उगाच ताणतेय का? आणि शाळेला सांगायचं तरी कसं?

उत्तर: उगाच अजिबात नाही. न्यूयॉर्कच्या एका बालवाडीत पाच वर्षांच्या काळ्या मुलीनं पुस्तक बघता बघता विचारलं होतं, यात नेहमी गोरीच मुलं का असतात? तो प्रश्न घेऊन नॅन्सी लॅरिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९६५ मध्ये लेख लिहिला, तीन वर्षांतली पाच हजारांवर बालपुस्तकं तपासली, तर फक्त ६.७ टक्के पुस्तकांत एखादी तरी काळी व्यक्ती होती. पुढं १९९० मध्ये बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी मांडलं की पुस्तक मुलासाठी आरसाही असतं, म्हणजे त्यात स्वतःसारखं कुणी दिसतं, आणि खिडकीही, म्हणजे त्यातून दुसऱ्यांचं जग दिसतं. तुमच्या लेकीला आरसा मिळत नाहीये आणि चायनीज म्हणणाऱ्या पोरांना खिडकी. तिकडं प्रश्न वंशाचा, आपल्याकडं रंग, चेहरा, जात, प्रांत सगळंच गुंतलेलं. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एका वर्गात बसवली, त्या कोल्हापुरात वर्गातल्या पुस्तकांतसुद्धा सगळी मुलं दिसलीच पाहिजेत, यात मला काही जास्तीचं मागणं वाटत नाही.

आता शाळेचं. तक्रार घेऊन जाऊ नका, पुस्तकं घेऊन जा. मॅडमना चाळीस पोरं सांभाळायची असतात, त्यांना आणखी एक काम सांगितलं की त्या वैतागणार, पण हातात पाच-सहा चांगली पुस्तकं ठेवली तर बहुतेक जणी वाचून दाखवतात. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या साइटवर मराठीत भरपूर गोष्टी फुकट आहेत, लेव्हलप्रमाणे लावलेल्या, डाउनलोड करून कलर प्रिंट काढा, स्पायरल करा, झालं.

निवडताना मात्र नीट बघा, इथं घाई नको. सावळी मुलगी चित्रात आहे, पण करतेय काय? नुसती गरीब, बिचारी, कुणीतरी मदत करावी अशी असेल तर ते पुस्तक नको. दुष्ट माणूस तेवढा काळा रंगवलाय का तेही बघा. मला आवडतात त्या साध्या गोष्टी, सावळी पोरगी पतंग उडवतेय, भावाशी भांडतेय, कुत्रं हरवलंय म्हणून गल्लीभर हुडकतेय, आणि तिच्या रंगाचा गोष्टीत विषयच नाही. अशी पुस्तकं एका खास दिवसापुरती बाहेर काढून परत कपाटात गेली तर काही उपयोग नाही, ती रोजच्या कोपऱ्यातच हवीत. आणि गोऱ्या पोरांची पुस्तकं काढून टाका असं कुणी म्हणत नाहीये, हे पालकांच्या ग्रुपवर आधीच स्पष्ट लिहा, नाहीतर वाद तिथंच सुरू होतो.

मॅडमनी टाळलं तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. अनुदानित शाळेत ही समिती असते आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात गोष्टींच्या पुस्तकांसह वाचनालय प्रत्येक शाळेत हवंच असं आहे, त्यामुळं पुस्तकं मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नाही.

त्या नेपाळी मुलाला वर्गापुढं उभं करून 'हा बघा नेपाळचा' असं मात्र कुणी करू नये, प्लीज. आधी त्याच्या आईला भेटा. स्टोरीवीव्हरवर नेपाळीतल्याही गोष्टी आहेत, त्यातली एखादी त्या स्वतः वर्गात येऊन वाचतील का विचारा, तीच गोष्ट तुम्ही मराठीत वाचा. गाडी संध्याकाळी लागते पण त्यांची भाजी चिरणं, सारण करणं सकाळपासूनच चालू असणार, तेव्हा वेळ त्यांच्या सोयीनं ठरवा आणि नको म्हणाल्या तर आग्रह नको.