डिलिव्हरीची व्हॅन रात्री रस्त्यावरच उभी असते, चोरी होऊ नये म्हणून काय करू?

आधी बघा गाडी कीलेस (म्हणजे चावी फक्त जवळ असली की उघडणारी आणि चालू होणारी) आहे का, कारण तसं असेल तर काच फोडायचीही गरज पडत नाही, चोर घरातल्या चावीचा सिग्नल यंत्राने पकडून गाडीपर्यंत पोचवतात आणि गाडीला वाटतं चावी जवळच आहे. म्हणून चावी सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा, स्पेअर चावीसुद्धा (ही बरेच जण विसरतात!), आणि चावी आत घालून गाडीजवळ उभं राहून बघा, दार उघडलं तर पाऊच कामाचा नाही. दुसरं म्हणजे ओबीडी पोर्ट (गाडीच्या कॉम्प्युटरला मशीन जोडायचं सॉकेट), तिथे मशीन जोडून नवीन चावी प्रोग्राम करता येते, त्याला लॉक बसवा. स्टीअरिंग लॉक करणारा दांडा जुना वाटतो पण लावाच, तो कापायला वेळ जातो, आवाज होतो, आणि चोराला नेमकं तेच नको असतं.

जीपीएस ट्रॅकर लपवून बसवा, मात्र तो चोरी थांबवत नाही, फक्त नंतर शोधायला मदत करतो. मागचं दार भिंतीला चिकटेल अशी पार्क करा, साईडच्या सरकत्या दाराला वेगळं लॉक. आणि डिलिव्हरी करताना दोन मिनिटांसाठी का होईना, इंजिन चालू ठेवून उतरू नका प्लीज.